हँडहेल्ड रेडिओच्या अँटेनाची चाचणी : फील्ड स्ट्रेंथ मीटरचे रीडिंग दर वेळी वेगळे का येते?

समस्येचे स्वरूप

हँडहेल्ड रेडिओबरोबर आलेला आखूड रबरी अँटेना सरस की नंतर विकत घेतलेला लांब अँटेना सरस, हे ठरवण्यासाठी अनेक हौशी रेडिओचालक साधा फील्ड स्ट्रेंथ मीटर, म्हणजे प्रक्षेपणाची तीव्रता काट्याने दाखवणारे उपकरण, वापरतात. मीटर समोर ठेवायचा, पीटीटी (प्रक्षेपण सुरू करणारे बटण) दाबायचे, काटा किती वर गेला ते पाहायचे आणि मग अँटेना बदलून तेच पुन्हा करायचे, अशी ही रीत आहे. अडचण अशी होते की आज लांब अँटेनाला ६० आणि आखूडला ४० भाग मिळतात, तर उद्या त्याच गच्चीवर आणि त्याच रेडिओवर हे आकडे जवळपास उलटे येतात. मीटरच बिघडला असेल असे समजून डायोड बदलला जातो, नवा मीटर बांधला जातो, तरीही आकडे स्थिर होत नाहीत.

हा त्रास मी पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर बराच काळ सोसला आहे. सह्याद्रीतील भटकंतीसाठी चार अँटेनांपैकी एक निवडायचा होता आणि वहीत तीन संध्याकाळचे तीन वेगवेगळे निकाल जमा झाले होते. मीटरमध्ये दोष नव्हता. अँटेना, रेडिओचा सांगाडा, माझा हात, माझे शरीर, गच्चीचा स्लॅब आणि कठड्याच्या सळया या सर्वांची मिळून झालेली एक व्यवस्था मी मोजत होतो आणि तिच्यातील अँटेना सोडून बाकी जवळजवळ सर्व काही दर वेळी माझ्या नकळत बदलत होते.

पहिली तपासणी : एकच अँटेना, दहा वेळा

कोणताही दुसरा अँटेना हातात घेण्यापूर्वी एकाच अँटेनाचे रीडिंग दहा वेळा घ्यावे. प्रत्येक वेळी अँटेना काढून पुन्हा बसवावा, रेडिओ खाली ठेवून पुन्हा उचलावा, स्वतःही जागेवरून दूर होऊन परत यावे आणि मगच पीटीटी दाबावे. दहाही आकडे वहीत लिहावेत, त्यांतील एखादा विचित्र वाटला तरी तो गाळू नये.

हे दहा आकडे ४० ते ५५ असे पसरलेले असतील, तर दोन अँटेनांमधील दहा भागांच्या फरकाला काहीच अर्थ उरत नाही, कारण तेवढा फरक एकाच अँटेनामध्येही पडतो आहे. तेच आकडे ४६ ते ४९ यांमध्ये राहिले, तर मात्र तुलना सुरू करण्यास हरकत नाही. पुढे दिलेल्या प्रत्येक दुरुस्तीनंतर हीच दहा रीडिंगची चाचणी पुन्हा करावी, म्हणजे कोणत्या दुरुस्तीने आकड्यांचा पसारा किती कमी झाला ते कळते. माझ्या मते या संपूर्ण कामात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वाधिक वेळा वगळली जाते.

मीटर नेमके काय दाखवतो

साध्या फील्ड स्ट्रेंथ मीटरमध्ये एक टेलिस्कोपिक सळई, ओए७९ किंवा १एन३४ यांसारखा जर्मेनियम डायोड, एक लहान कपॅसिटर, ५० किंवा १०० मायक्रोअँपिअरचा मीटर आणि संवेदनशीलता कमी-जास्त करणारा पोटेन्शिओमीटर एवढेच भाग असतात. त्याला बॅटरी लागत नाही, ही त्याची खुबी आहे. परंतु त्याला फ्रिक्वेन्सी निवडताही येत नाही, त्यामुळे आजूबाजूला जे काही बलवान प्रक्षेपण असेल ते सर्व तो एकत्र दाखवतो. सिंहगडावर दूरदर्शनच्या मनोऱ्याजवळ किंवा शहरात मोबाइल टॉवरच्या अगदी समोर असा मीटर ठेवला, तर पीटीटी न दाबताही काटा हलू शकतो. म्हणून प्रत्येक रीडिंगपूर्वी काटा शून्यावर आहे हे पाहावे आणि तो शून्यावर येत नसेल तर जागा बदलावी.

मीटरच्या पट्टीबद्दलचा गैरसमज अधिक खोल आहे. अर्धतरंग डायपोलमधून (अर्ध्या तरंगलांबीच्या, दोन समान बाजूंच्या साध्या अँटेनामधून) ५ वॅट सोडले, तर मोकळ्या जागेत १० मीटर अंतरावर क्षेत्राची तीव्रता सुमारे १.५ व्होल्ट प्रति मीटर असते आणि फूटभर सळईला त्यातून व्होल्टचा एखाद-दुसरा दशांशच मिळतो. इतक्या कमी व्होल्टेजला डायोड सरळ रेषेत वागत नाही. अगदी क्षीण संकेतावर काटा शक्तीच्या प्रमाणात हलतो आणि बलवान संकेतावर तो व्होल्टेजच्या प्रमाणात हलतो. आपला मीटर यांपैकी कोणत्या भागात काम करतो आहे हे कळले नाही, तर काट्यावरील फरकाचे डेसिबलमध्ये, म्हणजे दोन शक्तींचे गुणोत्तर सांगणाऱ्या एककात, रूपांतर करताना दुपटीची चूक होते.

हे शोधण्याचा उपाय सोपा आहे. रेडिओची जास्त आणि कमी अशा दोन्ही पातळ्यांवरील शक्ती आधी डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) आणि पॉवर मीटर लावून मोजून घ्यावी, कारण माहितीपत्रकातील आकड्यांवर भरवसा ठेवणे योग्य नाही. समजा ती ४ वॅट आणि १ वॅट आली, म्हणजे दोहोंत ६ डेसिबलचा फरक आहे. आता एकाच अँटेनावर, एकाच जागी, जास्त शक्तीवर काटा ८० वर आणावा आणि रेडिओ कमी शक्तीवर करावा. काटा २० वर उतरला तर मीटर शक्ती दाखवतो आहे, ४० वर थांबला तर तो व्होल्टेज दाखवतो आहे आणि या दोहोंच्या मधे कुठे थांबला तर तो संक्रमणाच्या पट्ट्यात आहे. पहिल्या प्रकारात ८० वरून ६० पर्यंतची घसरण सुमारे १.२ डेसिबलची ठरते, दुसऱ्या प्रकारात ती २.५ डेसिबलची होते. डोळ्यांना पाव हिस्सा कमी झालेला दिसतो, पण पलीकडे ऐकणाऱ्याला पहिल्या प्रकारातील फरक जवळजवळ जाणवणारही नाही.

पोटेन्शिओमीटर एकदा लावल्यावर संपूर्ण चाचणी संपेपर्यंत त्याला हात लावू नये. सळईचे किती टप्पे उघडले आहेत तेही लिहून ठेवावे, कारण एक टप्पा आत राहिला तरी सर्व आकडे खाली येतात.

हात हा अँटेनाचाच भाग आहे

रीडिंग न जुळण्याचे सर्वांत मोठे कारण येथे आहे. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर असते, म्हणजे पाव तरंगाचा अँटेना साधारण अर्ध्या मीटरचा होतो. पाव तरंगाच्या अँटेनाला काम करण्यासाठी तेवढ्याच मापाची दुसरी बाजू लागते. मोटारीवर ती बाजू टपाचा पत्रा पुरवतो. हँडहेल्ड रेडिओचा सांगाडा मात्र जेमतेम १० ते १२ सेंटीमीटरचा असतो, म्हणून उरलेली उणीव रेडिओ धरणाऱ्याचा हात आणि बाहू भरून काढतात. मूठ खाली धरली की वर, अंगठा अँटेनाच्या बुडाला टेकला की नाही, कोपर अंगालगत आहे की दूर, यांतील प्रत्येक बदल म्हणजे अँटेनाचाच अर्धा भाग बदलणे होय. ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाव तरंग सुमारे १७ सेंटीमीटरचा असल्यामुळे सांगाड्याला हाताची गरज तुलनेने कमी भासते, तरीही अंगठ्याची खबरदारी तेथेही घ्यावीच लागते.

यावर काहीजण रेडिओ लाकडी स्टुलावर ठेवून बाहेरच्या माइकच्या पीटीटीने चाचणी घेतात. हेतू चांगला आहे, पण माइकची मीटरभर लांबीची वायर रेडिओच्या सांगाड्याला जोडली गेल्याने तीच दुसऱ्या बाजूचे काम करू लागते आणि हाती येणारा निकाल त्या वायरचा असतो. शिवाय भटकंतीत रेडिओ स्टुलावर राहणार नसून हातातच राहणार आहे. म्हणून रेडिओ हातातच धरावा, मात्र धरण्याची पद्धत पक्की करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेडिओच्या पेटीवर चिकटपट्टीची एक रेघ लावून करंगळी नेहमी त्याच रेघेवर ठेवावी. रेडिओ तोंडासमोर, तोंडापासून चार बोटे दूर धरावा आणि कोपर अंगालगत ठेवावे. पावलांच्या जागा खडूने आखून घ्याव्यात. अँटेना सरळ उभा आहे हे मदतनिसाने बाजूने पाहावे आणि त्यासाठी जवळ दोरीला बांधलेला ओळंबा टांगून ठेवला तर फारच उपयोग होतो. मीटरची सळई उभी असताना अँटेना ४५ अंशांनी कलला, तर मीटरला मिळणारी शक्ती निम्मी, म्हणजे ३ डेसिबलने कमी होते. नवा लांब आणि लवचीक अँटेना वाऱ्याने वाकत असेल, तर त्याच्यावर अन्याय होण्याचे हे एक साधे कारण असते.

रेडिओ धरणाऱ्या व्यक्तीने मीटरकडे तोंड करून एकदा, पाठ करून एकदा आणि दोन्ही कुशींकडून एकेकदा अशी चार रीडिंग घ्यावीत. शरीर मधे आले की काटा ठळकपणे खाली येतो. चारही दिशांची सरासरी प्रत्यक्ष वापराच्या अधिक जवळ जाते. संपूर्ण चाचणीत रेडिओ एकाच व्यक्तीने धरावा; अर्ध्यावर हात बदलले, तर आधीची सर्व रीडिंग बाजूला ठेवावी लागतात.

हाताचा परिणाम किती मोठा आहे हे स्वतः पाहायचे असेल, तर सुमारे ४९ सेंटीमीटर लांबीची एक वायर अँटेनाच्या कनेक्टरच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला गुंडाळून खाली लोंबकळत सोडावी. ती आतल्या पिनला लागणार नाही याची काळजी घ्यावी. १४५ मेगाहर्ट्झवर आखूड रबरी अँटेनाचे रीडिंग या वायरमुळे वाढले आणि शिवाय हाताची पकड बदलल्यावर होणारी काट्याची चुळबुळ कमी झाली, तर समजावे की उणीव अँटेनामध्ये नव्हती, दुसऱ्या बाजूची होती. पहिल्यांदा ही वायर लावून पाहिली तेव्हा माझ्या वहीतील तीन संध्याकाळच्या विसंगतीचा उलगडा मला एका मिनिटात झाला. नवा अँटेना घेण्यापूर्वी प्रत्येकाने हा वायरच्या तुकड्याचा प्रयोग अवश्य करावा.

जागा आणि अंतर

मीटर हाताच्या अंतरावर ठेवून घेतलेली रीडिंग तुलनेसाठी निरुपयोगी असतात. अँटेनाच्या निकट क्षेत्रात ऊर्जा साठून राहते, ती बाहेर पडेलच असे नसते, आणि ही साठलेली ऊर्जाही काटा हलवते. २ मीटरच्या बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) किमान तीन तरंगलांब्या, म्हणजे साधारण ६ मीटर अंतर ठेवावे. १० मीटर मिळाले तर उत्तम. अंतर वाढवण्याचा आणखी एक फायदा आहे. १ मीटर अंतरावर १० सेंटीमीटरची चूक झाली तर मोकळ्या जागेच्या हिशेबानेही जवळपास ०.८ डेसिबलचा फरक पडतो, तर १० मीटरवर तेवढ्याच चुकीने ०.१ डेसिबलचाही पडत नाही.

त्यानंतर येतात परावर्तने. गच्चीवर पाण्याची टाकी, जिन्यावरची पत्र्याची शेड, लोखंडी कठडा आणि कपडे वाळत घालण्याच्या तारा असतात आणि त्या प्रत्येकावरून लहरी परत फिरतात. थेट आलेली आणि परत फिरलेली लहर कुठे एकमेकींना बळ देतात, तर कुठे एकमेकींना मारतात. समोरच्या भिंतीमुळे तयार होणारे असे उंचवटे अर्ध्या तरंगाच्या अंतराने येतात, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला सुमारे एका मीटरवर आणि ४३५ मेगाहर्ट्झला सुमारे ३४ सेंटीमीटरवर.

याची परीक्षा अशी घ्यावी. रेडिओ स्थिर धरून मदतनिसाने मीटर त्याच्या ठरलेल्या जागेपासून सरळ रेषेत आणखी दीड मीटर हळूहळू मागे न्यावा. रीडिंग सावकाश आणि सलग उतरत गेले तर जागा चांगली आहे. ते खाली जाऊन पुन्हा वर येत असेल तर परावर्तने जोरदार आहेत आणि अशा जागी मीटरचे एकच ठिकाण धरून निकाल काढणे चुकीचे ठरते. शक्य असेल तर सकाळी मोकळ्या मैदानावर जावे. ते शक्य नसेल तर त्या रेषेवर समान अंतराची पाच ठिकाणे आखून प्रत्येक अँटेनाची पाचही ठिकाणची सरासरी घ्यावी.

जमीनही परावर्तन करते आणि मैदानावर गेल्याने ते टळत नाही. रेडिओ आणि मीटर दोन्ही दीड मीटर उंचीवर आणि एकमेकांपासून १० मीटरवर असतील, तर जमिनीवरून येणारी लहर थेट लहरीपेक्षा सुमारे ४४ सेंटीमीटर जास्त प्रवास करते. १४५ मेगाहर्ट्झसाठी हा तरंगाचा पाचवा हिस्सा झाला, तर ४३५ मेगाहर्ट्झसाठी जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणून एका बँडवर चांगली ठरलेली उंची दुसऱ्या बँडवर तशीच राहील असे धरू नये आणि दोन बँडांच्या रीडिंगची आपसात तुलना तर कधीच करू नये. उंची बदलली नाही, तर एकाच बँडवरील अँटेनांची तुलना मात्र टिकते.

मीटर वाचणाऱ्या व्यक्तीचे शरीरही लहरी अडवते आणि परत फिरवते. वाचणाऱ्याने मीटरवर ओणवे होऊ नये. मोबाइल विमान मोडवर टाकून तो दीड-दोन मीटर दूर स्टँडवर ठेवावा आणि काट्याचे चित्रीकरण करून आकडे नंतर वाचावेत. विमान मोड विसरला तर मोबाइलचे स्वतःचे प्रक्षेपण काट्याला मधेच झटके देते, आणि या झटक्यांचे कारण शोधण्यात बराच वेळ वाया जातो.

जोडणी, बॅटरी आणि फ्रिक्वेन्सी

कमी शक्तीवर प्रक्षेपण करत अँटेना बुडाशी हलकेच हलवून पाहावा. काटा थरथरला तर लूज कॉन्टॅक्ट आहे. काही रेडिओंवर एसएमए कनेक्टरची (अँटेना बसवण्याच्या लहान आटेदार जोडणीची) पिन रेडिओच्या बाजूला असते, तर काहींवर अँटेनाच्या बाजूला, त्यामुळे चुकीचा अँटेना घेऊन मधे जोडतुकडा लावणारे पुष्कळ आहेत आणि असा प्रत्येक तुकडा बिघाडाची एक जागा वाढवतो. अँटेनाचे रबरी बूड जाड असल्यास ते रेडिओच्या पेटीला आधी टेकते आणि आतली पिन पूर्ण बसतच नाही. बाहेरून मात्र सर्व घट्ट वाटते. मल्टिमीटरने अँटेना तपासताना मधला भाग आणि बाहेरचे कडे शॉर्ट दिसले, तर लगेच तो निकामी समजू नये, कारण काही अँटेनांमध्ये जुळणीसाठी घातलेल्या कॉइलमुळे डीसीला शॉर्ट दिसणे स्वाभाविक असते.

बॅटरी पूर्ण भरलेली असावी. प्रत्येक प्रक्षेपण पाच-सात सेकंदांचे ठेवून मधे रेडिओला गार होऊ द्यावे, अन्यथा शक्ती हळूहळू घसरते आणि शेवटी मोजलेला अँटेना विनाकारण हरतो. यावरचा खरा इलाज म्हणजे एक अँटेना संदर्भ म्हणून ठरवून तो प्रत्येक रीडिंगच्या आधी आणि नंतर लावणे. संदर्भ, पहिला, संदर्भ, दुसरा, संदर्भ असा क्रम ठेवावा. संदर्भाचे रीडिंग ५० वरून ४६ वर आले असेल, तर बदल रेडिओत किंवा जागेत झाला आहे हे तत्काळ कळते.

आखूड रबरी अँटेनाची कार्यमर्यादा अरुंद असते. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ असे त्यावर लिहिलेले असले, तरी तो प्रत्यक्षात १५५ च्या आसपास सर्वोत्तम चालत असेल आणि आपल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या हौशी बँडमध्ये उणा पडत असेल, असे होऊ शकते. म्हणून बँडच्या दोन्ही टोकांजवळ आणि मध्यावर अशी तीन ठिकाणी रीडिंग घ्यावीत आणि परवान्याच्या मर्यादेबाहेर कधीही प्रक्षेपण करू नये. आधी काही वेळ ऐकून मोकळी सिम्प्लेक्स (रेडिओ ते रेडिओ थेट संपर्काची) फ्रिक्वेन्सी निवडावी, आपली संकेतसंज्ञा उच्चारावी आणि रिपीटरच्या (संकेत घेऊन पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राच्या) इनपुटवर चाचणी घेऊ नये, कारण दर वेळी पीटीटी दाबले की रिपीटर उघडतो आणि इतरांच्या संभाषणात व्यत्यय येतो.

एसडब्ल्यूआर चांगला असूनही रीडिंग कमी आले तर

एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी किती चांगली आहे हे सांगणारे गुणोत्तर; १ म्हणजे उत्तम) १.१ आहे, मग रीडिंग कमी कसे, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. डमी लोडचा एसडब्ल्यूआर जवळजवळ १ असतो आणि तो काहीच प्रक्षेपित करत नाही, हे लक्षात घेतले की त्याचे उत्तर मिळते. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाने शक्ती स्वीकारली एवढीच ग्वाही. ती बाहेर गेली की कॉइलमध्ये उष्णता होऊन विरली हे तो सांगत नाही. त्यातही हँडहेल्डचा अँटेना केबलच्या टोकाला लावून घेतलेले मापन फसवे असते, कारण केबलचे बाहेरचे आवरण दुसऱ्या बाजूचे काम करू लागते आणि रेडिओवर बसवल्यावर ती बाजू नाहीशी होते. हँडहेल्डसाठी फील्ड स्ट्रेंथ मीटरच अधिक विश्वासार्ह ठरतो, तो या कारणाने.

याच्या उलट प्रकारही घडतो. काही रेडिओ जुळणी फार बिघडली की स्वतःची शक्ती कमी करून घेतात. एखाद्या अँटेनाचे रीडिंग जास्त शक्तीवर अनपेक्षितपणे पडत असेल, तर संदर्भ अँटेना आणि हा अँटेना यांची तुलना कमी शक्तीवर पुन्हा करावी. दोहोंतील डेसिबलचा फरक कमी शक्तीवर लहान झाला, तर जास्त शक्तीवर रेडिओचे संरक्षण मधे येत होते असे समजावे आणि त्या अँटेनाचा निकाल कमी शक्तीच्या आकड्यांवरून नोंदवावा. फरक दोन्ही पातळ्यांवर तेवढाच राहिला आणि दहा रीडिंगचा पसाराही लहान असेल, तर तो अँटेना खरोखर उणा आहे.